गॅरेजवाल्यांना सांगितलेला अर्थ

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

घरच्या भाषेत कुणी कितीही खोदून विचारलं असतं तरी जी गोष्ट त्या मुलीच्या तोंडून निघाली नसती, ती इंग्रजीत इतकी सहज कशी निघाली? मला सांगता येत नाही. शाळा सुटल्यापासून तेच डोक्यात आहे.

आज शब्द पाळण्याचा शुक्रवार. माझ्या नववीच्या वर्गात प्रत्येकजण सोमवारी एक अवघड इंग्रजी शब्द घेतो आणि आठवडाभर पाळतो. त्याचं मूळ शोधायचं, त्याची भावंडं शोधायची, आणि शुक्रवारी उभं राहून सांगायचं — हा शब्द मला कुठे लागू पडलेला दिसला. अर्थ पाठ म्हणायचा नाही. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं काहीतरी हवं. नियम माझाच. त्याचा मला केवढा अभिमान!

एकाने ऑब्सोलीट, म्हणजे कालबाह्य, पाळला होता, तो आजोबांच्या रेडिओला लावला. एकीने रिलक्टंट, म्हणजे नाखूश — तो आंघोळीच्या वेळी तिच्या मांजराला. वर्ग खदाखदा हसला. मग म्यूट उठली. गॅरेजवाल्यांची मुलगी. वर्गात कधी तोंड उघडत नाही म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव, आता माझ्याही डोक्यात तेच बसलंय. तिचा शब्द होता निग्लिजंट, म्हणजे हलगर्जी. मूळ तिने नीट शोधलं होतं — समोर पडलेलं न उचलणारा. मग म्हणाली, "माय फादर इज निग्लिजंट."

पुढचं सगळं इंग्रजीत, अडखळत, पण बरोबर. आईला अंधार पडायला लागला की दिसेनासं होतं. भिंत धरून चालते. परवा भाजी चिरताना बोट कापलं. बाबा म्हणतात, हातातलं काम आटपलं की डॉक्टरकडे नेतो. असं ते गेल्या वर्षापासून म्हणतात. आणि गॅरेजमध्ये ते लोकांच्या गाड्यांचे दिवे दुरुस्त करतात.

कुणी हसलं नाही.

आणि मी काय म्हणाले? "व्हेरी गुड युसेज!"

शनिवार, ८ नोव्हेंबर

दुपारपासून खोलीत. खाली लाँड्री आहे, त्यांच्या इस्त्रीची वाफ खिडकीतून वर येते आणि माझे धुतलेले कपडे वाळतच नाहीत. पलीकडच्या खोलीतल्या नर्सबाई जिन्यात भेटल्या. "सुट्टी का?" "हो." "बरं आहे बाई तुमचं." झालं. आजचं माझं बोलणं तेवढंच.

नाही, घरचा फोन आला की. आईने विचारलं जेवलीस का, हो म्हटलं. नोकरीतली माणसं चांगली आहेत ना, हो म्हटलं. मग बाबांनी फोन घेतला. शेजारचे काका बसलेले होते. "बाबी, जरा इंग्रजीत बोल काहीतरी. मोठं बोल." मी बोलले. म्हणाले मला इथे फार एकटं वाटतं, स्टाफरूममध्ये माझी खुर्ची बेसिनपाशी आहे आणि हात धुवायला येणाऱ्याशिवाय तिथे कुणी थांबत नाही. तिकडून काकांचा आवाज आला, "वा! पाण्यासारखं बोलते पोरगी." बाबा हसले. इतके खूश हसले की मला रडता आलं नाही.

मग म्यूटचं मला का कळत नाही म्हणते मी? मीही तेच केलं की. पण त्यामुळे उत्तर मिळालं असं नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

गॅरेजवाले शाळेत आले.

मधल्या सुट्टीत शिपाईमामा सांगत आले, "बाई, पालक आलेत. भांडायला आले नसावेत, हात धुऊन आलेत." व्हरांड्यात उभे होते. साबण लावूनही नखांत काळं राहिलेलं. माझ्यापेक्षा वयाने दुप्पट माणूस, आणि मला नमस्कार करताना वाकला. म्हणाले, वर्गातल्या कुणाच्या तरी भावाने गॅरेजवर सांगितलं की तुमच्या मुलीने तुम्हाला इंग्रजी शब्द दिलाय. मुलीला विचारलं तर गप्प. तिला आधीच बोलायचं वावडं. म्हणून म्हटलं तुम्हालाच विचारावं.

"काय अर्थ होतो हो त्याचा?"

मी त्यांच्याकडे बघितलं. ते अगदी विश्वासाने बघत होते. बाबा माझ्या पदवीच्या कागदाकडे बघतात, तसं — वाचता येत नाही, पण त्यात चांगलंच लिहिलंय याची खात्री.

मी म्हणाले, "कामात बुडालेला माणूस. ज्याला कामापुढे दुसरं काही दिसत नाही, असा."

त्यांचा चेहरा उजळला. "असं म्हणाली? सगळ्या वर्गासमोर?" मग दोनदा शब्द म्हणून बघितला. उच्चार मी सुधारून दिला. सुधारून दिला!

बुधवार, १२ नोव्हेंबर

मुलीला वाचवलं. मार बसला असता कदाचित. दुसरं काय करणार होते मी?

तो मारणारा माणूस वाटत नव्हता. हे मला काल व्हरांड्यातही माहीत होतं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

शाळेची वाट गॅरेजवरूनच जाते. आज एक मुलगा मोटरसायकल घेऊन घाई करत होता. गॅरेजवाले खाली बसूनच म्हणाले, "थांबावं लागेल बरं का. मी जरा निग्लिजंट माणूस आहे." तो मुलगा कॉलेजचा. त्याने मित्राकडे बघितलं, मित्राने तोंड फिरवलं, त्याचे खांदे हलत होते. "दिसतंय, दिसतंय," तो म्हणाला. गॅरेजवाल्यांनाही हसू आलं. त्यांना वाटलं, मान देतोय. मला पाहून त्यांनी पाना उंच करून नमस्कार केला.

आत टायरच्या ढिगापाशी म्यूट डबा घेऊन उभी होती.

वर्गात तिची पाळी आली तेव्हा ती उठली आणि म्हणाली, शब्द पाळला नाही. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात पाळ. "नको," म्हणाली. एवढंच. बसली.

शाळा सुटल्यावर तिला थांबवलं. रोज थांबायची तशी. गेला महिनाभर ती शाळा सुटल्यावर माझ्याशी शब्दांची मुळं शोधत बसायची, आणि खरं सांगायचं तर दिवसातला तेवढाच वेळ कुणीतरी माझ्यासमोर बसायचं. आज उभीच राहिली. खालच्या आवाजात म्हणाली, "तुम्ही त्यांना खोटं का सांगितलंत?"

म्हटलं, तुझ्यासाठी.

"मी खरा शब्द शोधला होता," ती म्हणाली. "आठवडाभर शोधला." आणि गेली.

रविवार, १६ नोव्हेंबर

कुणाशीही बोलले नाही. नर्सबाईंची ड्युटी असावी.

सोमवार, १७ नोव्हेंबर

मोठ्या बाईंनी बोलावलं. आमच्या मुख्याध्यापिका रागावल्या की जास्तच गोड बोलतात. वर्गात कोण काय बोललं ते त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. व्हरांड्यातलं मी स्वतःच सांगितलं. मला वाटलं, खोट्याबद्दल रागावतील. उलट म्हणाल्या, तेवढं एक शहाणपणाचं केलंत. पालक खूश होऊन गेले, विषय मिटला. आता तो उकरायचा नाही. त्या घराकडे फिरकायचंही नाही. शब्दबिब्द पाळणं बंद. इंग्रजीचे जुने सर, ज्यांना मी मनात पाठांतर सर म्हणते, ते देतील ते शब्द, अर्थ, स्पेलिंग.

मी म्हटलं, मुलांना शब्द कळायला हवा ना. त्या म्हणाल्या, "तुम्हाला या वर्षअखेरीला कायम व्हायचंय ना? मग मुलांना जरा कमी कळलं तरी चालेल."

स्टाफरूममध्ये पाठांतर सरांनी हात धुता धुता विचारलं, "काय, पाळीव प्राणी सगळे सोडून दिलेत म्हणे? चावरा निघाला वाटतं एखादा." सगळे हसले. मीही हसले. बेसिनचं पाणी माझ्या वह्यांवर उडालं.

कायम झाले तर बाबा रात्रपाळी सोडणार आहेत. तसं आमचं ठरलंय.

गुरुवार, २० नोव्हेंबर

मुलं एका सुरात म्हणतात. शब्द, अर्थ, शब्द, अर्थ. फार शिस्तीत. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटेल काय सुंदर वर्ग चाललाय. म्यूट ओठ हलवते.

एका मुलाने विचारलं, "बाई, याचं मूळ काय?" म्हटलं, मूळ परीक्षेला नाही. असं म्हणणाऱ्या शिक्षकांचा मला शाळेत असताना किती राग यायचा!

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

ठरलं. वर्ष संपेपर्यंत गप्प बसायचं. आधी कायम व्हायचं, मग हवं तसं शिकवायचं. यात चूक काही नाही. सगळे असंच करतात. गॅरेजवाले आनंदात आहेत, मोठ्या बाई आनंदात आहेत. एका शब्दाने कुणाचं काय बिघडतंय?

शनिवार, २२ नोव्हेंबर

आज पालकसभा होती. लांबली. निघेपर्यंत दिवे लागले.

म्यूटची आई आली होती. हसरी आहे. लेक कुणावर गेली कोण जाणे! मुलीच्या खांद्यावर हात ठेवून चालत होती. कुणाला वाटावं लाडाने ठेवलाय. सहीसाठी कागद पुढे केला तेव्हा मुलीने तिचं बोट धरून रेघेवर टेकवलं. तरी सही खाली घसरली, माझ्या टेबलावर थोडी उमटली.

मी कसंबसं विचारलं, डोळे दाखवलेत का?

म्हणाल्या, "दाखवू हो सावकाश. मी आधी फार मागे लागायचे यांच्या. भांडायचे सुद्धा. पण आता नाही." आणि मग आवाज उतरवून, कौतुकाने — "शाळेतसुद्धा म्हणाले ना, हा माणूस कामात बुडालेला आहे म्हणून? हे घरी येऊन सांगत होते. आपल्यालाच समजून घेता येत नव्हतं बघा. आता मी नाही मागे लागत."

मुलगी टेबलावर उमटलेल्या शाईकडे बघत होती.

मी त्या बाईंना फक्त "जपून जा," म्हणाले. जिन्याला दिवा होता, तरी दोघी एकेक पायरी चाचपत उतरल्या. मी वर कठड्याला धरून उभी.

हे मी केलं. डोळे मी बिघडवले नाहीत, पण त्या घरात एक माणूस भांडत होतं, त्याला मी गप्प केलं. दुसरं एक इंग्रजीत का होईना बोललं होतं, त्यालाही. आणि त्या माणसाला हलगर्जीपणाचं प्रशस्तिपत्रक दिलं — शाळेच्या व्हरांड्यात, बरोबर उच्चारासकट!

घरचा फोन वाजला. बाबांना म्हटलं, आज इंग्रजी नाही. आज तुमच्याशीच बोलायचंय. सगळं सांगितलं, बेसिनपाशी असलेल्या खुर्चीपासून. नोकरी जाऊ शकते हेही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "रात्रपाळीची सवय आहे गं मला." आणि फोन आईकडे दिला. आईने विचारलं, जेवलीस का. म्हटलं, नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

सकाळी गॅरेजवर जाऊन आले.

त्यांनी स्टूल पुसून पुढे केलं. बसले नाही. उभ्यानेच सांगितलं — मी तुमच्याशी खोटं बोलले, त्या शब्दाचा अर्थ हलगर्जी, आणि तुमच्या मुलीने तो कशासाठी वापरला तेही. शब्दन् शब्द. ती जसं बोलली तसं, फक्त घरच्या भाषेत.

ते फडक्याने हात पुसत राहिले. पुसून झाले तरी पुसत राहिले. मुलगी टायरच्या ढिगामागून पुढे आली. मला वाटलं माझ्याकडे येईल. ती वडिलांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. त्यांनी तिला विचारलं, "कधीपासून दिसत नाही तिला?" आणि ती सांगायला लागली. हळू, पण थांबली नाही. मोटरसायकलवाला कुणी हॉर्न वाजवत होता, त्याच्याकडे दोघांनी पाहिलं नाही.

मग माझी आठवण झाल्यासारखे ते वळले. "बाई, तुम्ही या आता," म्हणाले.

आले. खोलीवर येऊन मोठ्या बाईंना फोन लावला आणि कुठे गेले होते, काय बोलले ते स्वतःच सांगून टाकलं.