गाडीवरचं नाव

अहो,

उद्या दसऱ्याला पिकअप धुवाल, तेव्हा धुण्याचा सोडा लावू नका, रंग उडतो. मोरीत शाम्पूच्या पुड्या ठेवल्यात. माझं जुनं सुती पातळ फाडून ठेवलंय, त्यानंच पुसा. कापडाच्या लूमवरून आणलेल्या चिंध्यांनी ओरखडे पडतात.

थिनरची बाटली शोधू नका, ती मी नेली. गाडीच्या मागच्या फाळक्यावरचं ‘सोनाली’ पुसायलाच आणली होती ना? पोरीनं आपल्या मनानं लग्न केलं, म्हणून तिचं नावही नको?

मी तिच्याकडे बारडोलीला चालले. तिला सातवा महिना आहे. मी तुम्हाला सांगणार कधी? वर्षभर या घरात तुम्ही गाडीशी बोलता आणि मी भिंतींशी.

खिचडी झाकून ठेवलीय.

परवा मला न्यायला या. गाडी तिच्या दाराशी रिव्हर्स घेऊन लावा, म्हणजे दार उघडताच तिला नाव दिसेल.

प्रमिला