मधला भाग माझ्याकडे

ती. वन्संना,

धाकट्या भावाच्या बायकोचा वाकून नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? तुमच्या यजमानांचा खोकला? शिवणाच्या मशीनच्या त्या प्रकरणापासून तुम्ही माहेरी पाऊल टाकलं नाहीत आणि आपल्यात अबोला आहे, हे मी विसरलेले नाही. पण अबोल्यात पत्र लिहू नये असं कुणी सांगितलंय? तोंडानं तर मी बोलतच नाहीये. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे मी सोडून. सोमवारी माझी तोंडी परीक्षा आहे आणि माझ्या घशाखाली घास उतरत नाही. (तुमचे बंधू आत्ताच मागून म्हणाले, "दोनदा वाढून घेतलंस की!" त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.)

मुलं शिकायला बाहेर पडली आणि मी या वयात कॉलेजात नाव घातलं, हे कानावर आलं असेलच. विषय घेतला कादंबरी. म्हटलं, दुपारी आडवं पडून वाचायची ती वस्तू, तिचा कसला आलाय अभ्यास! पण आमचे सर पहिल्याच दिवशी म्हणाले की गोष्ट सांगणाऱ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही, तो काय लपवतोय ते बघायचं. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. दूध उतू गेल्याची हकीकत तुमचे बंधू सांगायला लागले की मी आधी बघते, सांगणारा स्वतः त्या वेळी कुठे होता. (मोबाइलवर होता.) घरात त्यामुळे कटकटी वाढल्यात, ज्ञान किती वाढलं ते सोमवारी कळेल.

खरा घोळ पुढेच आहे. अभ्यासाला लावलेली कादंबरी उशीएवढी जाड, बाजारात मिळत नाही, आणि वाचनालयात प्रत एकच. ग्रंथपालबाईंनी तोडगा काढला, बाइंडरकडून पुस्तकाचे सरळ तीन तुकडे करून घेतले. पहिला गेला आमच्या वर्गातल्या चष्मेवालीकडे, शेवटचा लंबूकडे आणि मधला माझ्या पदरात. माझा भाग सुरू होतो तोच मुळी अर्ध्या वाक्यात! नायिका आईशी कडाकडा भांडते, पिशवी उचलते आणि घरातून निघून जाते. का भांडली ते चष्मेवालीला माहीत, परत येते का ते लंबूला. वर्गात चर्चा निघाली की चष्मेवाली म्हणते नायिका गरीब गाय आहे, मी म्हणते चांगली खमकी आहे, आणि लंबू नुसता हसतो. सर म्हणतात, वा, याला म्हणतात पात्राचा विकास! विकास कसला, आम्ही तिघं तीन वेगळ्या बायकांबद्दल बोलत होतो.

आता आईंचं ऐका. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, वाचता येत नाही. मी पाठ व्हावं म्हणून मोठ्यानं वाचायची आणि त्या पलीकडे शेंगा सोलत बसायच्या, ऐकत नाहीयेत असं दाखवत. एके दिवशी मी पुस्तक मिटलं तर शेंगा तशाच टाकून म्हणाल्या, "आली का गं ती परत?" म्हटलं, "ते लंबूकडे आहे." तेव्हापासून रोज सकाळी चहाआधी लंबूची चौकशी. तो आजारी पडला तेव्हा त्याला काढा पाठवायला निघाल्या होत्या.

शेवटी लंबूनं भाग दिला, आणि वन्सं, मला धस्स झालं. ती परत येत नाही हो. शेवटच्या पानावर म्हातारी खिडकीत बसलेली आहे आणि पुस्तक संपतं. आईंसमोर ते वाचायला माझी जीभ रेटेना. मग मी पानांवर डोळे ठेवून मनचंच वाचलं. ती आली, पिशवी खाली ठेवली, आईच्या गळ्यात पडली, दोघी मनसोक्त रडल्या. आईंनी हातातली शेंग सोलून संपवली. मग म्हणाल्या, "हे तू घातलंस. ती इतक्या सहजासहजी नमतं घेणाऱ्यातली नाही." मी मान खाली घातली. तर म्हणतात, "असू दे. पुन्हा वाच."

गेला आठवडाभर रोज तेच वाचतेय. आता भीती अशी की सोमवारी सरांसमोरही तोंडातून तोच शेवट बाहेर पडणार आणि माझं वर्ष जाणार. देवाजवळ माझ्यासाठी दोन शब्द टाका.

तुमची,
वहिनी

ता. क. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. आई घाबरल्यात. तुम्हाला कळवू नको म्हणाल्या, आणि मग पत्र टाकलंस का म्हणून विचारलं.

ता. क. २. सरांना मी खरा शेवट सांगेन, जीभ चावून का होईना. पण आईंना वाचून दाखवते तो खोटा राहू नये असं मला फार वाटतं, आणि ते माझ्या हातात नाही. गळ्यात पडायची गरज नाही. पिशवी खाली ठेवलीत तरी पुरे.

ता. क. ३. शिवणाचं मशीन तुमचंच आहे, येताना टेम्पो सांगून या. फक्त सोमवारपर्यंत हलवू नका. माझा सगळा अभ्यास त्याच्यावर पसरलाय.