न वापरलेला प्रोग्रॅम

मल्लेश्वरम, बेंगळुरू

प्रिय भार्गवी,

तुझा मेसेज मिळाला. 'अण्णा, आता मी तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ये-जा करणं बरं दिसत नाही, पासवर्ड बदला आणि माझं नाव काढून टाका.' वाचून आधी राग आला, मग वाईट वाटलं. स्मिता म्हणाली, आधी नाश्ता करा, मग काय रागवायचं ते रागवा. म्हणून उप्पिट्टू खाऊन लिहायला बसलोय. तुझं म्हणणं मी मनावर घेतलंय, पण उत्तर जरा लांबण लावून देणार आहे. म्हातारा माणूस, चालवून घे.

आधी कॉम्प्युटरची खबर सांगतो, तेवढीच मला न अडखळता सांगता येईल. माझी अख्खी नोकरी सरकारी कारखान्यात, मेंटेनन्समध्ये गेली. यंत्र बंद पडायच्या आधीच उघडून साफ करायचं, हे अंगात मुरलेलं. त्यामुळे 'तुमचा कॉम्प्युटर मंदावला आहे' अशी जाहिरात दिसली की माझे हात शिवशिवतात, हे तुला मी काय सांगू! कचरा काढणारा एक प्रोग्रॅम, डबल फोटो शोधणारा एक, ड्रायव्हर नवे करणारा एक, आणि वर दोन अँटीव्हायरस, जे एकमेकांनाच चोर समजून दिवसभर भांडायचे. तू नागपुरी हेल काढून विचारायचीस, अण्णा, हे काय करून राहिले तुम्ही? आणि मी आपला शाळकरी पोरासारखा एकेकाचं नाव वाचून दाखवायचो.

तू आणि आमचा अद्वैत तेव्हा इलेक्ट्रॉनिक सिटीत. तिथून आमच्याकडे यायचं म्हणजे अर्धा रविवार ट्रॅफिकमध्येच जायचा. म्हणून तू तो प्रोग्रॅम टाकलास, तिकडे बसून माझा कॉम्प्युटर चालवायचा. काय मजा होती गं! रविवारी सकाळी स्क्रीनवरचा बाण आपोआप हलला की स्मिता पदर सारखा करायची. मी म्हणायचो, अगं, तिला स्क्रीन दिसते, तू नाही दिसत. तरी ती फिल्टर कॉफीचा एक पेला तुझ्या नावाने तिथे आणून ठेवायचीच. तो अर्थात मीच प्यायचो. मध्येच मी माउसला हात लावला की तू नोटपॅड उघडून ठळक अक्षरांत लिहायचीस, अण्णा, माउस सोडा! मग मी हात मांडीखाली घेऊन बसायचो आणि तू माझा आठवड्याभराचा पसारा आवरायचीस.

मग तू आणि अद्वैत वेगळे झालात. कोर्टाचा शिक्काही बसला. कुणाचं काय चुकलं यात मी पडलो नाही, पडणारही नाही. अद्वैत माझा मुलगा आहे. पण तुमच्या लग्नाबरोबर आमचा रविवारही जाणार, हे कुणी सांगितलं नव्हतं. तू के. आर. पुरमला घर घेतलंस हेसुद्धा तिसऱ्याच माणसाकडून कळलं. खूप लागलं ते मनाला. तू लाजलीस, अवघडलीस, समजतं मला. तरी लागलं.

गेल्या महिन्यात नेहमीसारखा तो कचरा काढणारा क्लीनर चालवला. आधी त्याने हजारभर दोष सापडल्याचा आरडाओरडा केला, आणि मग एक चौकट उघडली. 'हा प्रोग्रॅम तुम्ही बऱ्याच दिवसांत वापरलेला नाही. काढून टाकायचा?' तुझाच तो प्रोग्रॅम. मी नाही म्हटलं. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच, आणि या खेपेला त्या आगाऊने आपणहून टिकसुद्धा करून ठेवलेली! भार्गवी, मी त्याला चांगल्या खणखणीत कन्नडमध्ये शिव्या घातल्या. स्मिता पोळी तव्यावर टाकून धावत आली. तिने चष्मा लावून ती चौकट वाचली, खुर्ची ओढून बसली, आणि म्हणाली, ह्या क्लीनरलाच काढा. काढला. तोही सुखासुखी जाईना, का काढताय, खरंच काढायचं का, नक्की ना, नुसता चिकटपणा. त्याच झटक्यात तुझा सोडून बाकीचे सगळेही काढले. पोळी मात्र करपली.

आणि आता गंमत ऐक. कॉम्प्युटर झक्क चालतोय. हे सगळं काढा, काही होणार नाही, असं तू किती वर्षं सांगत होतीस. म्हणजे तुला हाक मारायला आता माझ्याकडे एक साधं निमित्तही उरलेलं नाही.

परवा अद्वैत आला होता. तुझा मेसेज मी त्याला दाखवला. मला काही लपूनछपून करायचं नव्हतं. सरळ विचारलं, तुझी हरकत आहे का? तो बाल्कनीत गेला. आत येऊन म्हणाला, अण्णा, आमचं जमलं नाही, पण तुमचं तर जमलं होतं ना, ते कशाला मोडायचं? सरी, म्हटलं, नाही मोडत.

तर तू सांगितलंस तसा पासवर्ड मी बदललाय. जुना पासवर्ड म्हणजे तुमच्या लग्नाची तारीख. दर रविवारी ती तुझ्या बोटांनी टाइप करावी, असं मलाही वाटत नाही. नाव मात्र काढलेलं नाही, काढणारही नाही. पासवर्ड मेसेजमध्ये पाठवायचा नाही, फोनवर सांगायचा नाही, ही तुझीच ताकीद, म्हणून हे पोस्टाचं पत्र. इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिही: आमचीभार्गवी. शेवटी एक आकडा आणि एक चिन्ह हवंच म्हणून ते यंत्र अडून बसलं, तेव्हा एकचा आकडा आणि उद्गारचिन्ह टाकलंय. काहीही बिघडलेलं नाही. तरी रविवारी ये.

तुझाच,
अण्णा