ताईचा श्वास

४ मार्च
ताईचं घोरणं म्हणजे रिकामं पिंप कुणीतरी जिन्यावरून ओढत नेतंय! खोली एक, खाटा दोन — पळणार कुठे? काल तिच्या कानाशी जोरात टाळी वाजवली. दचकून उठली. मी डोळे मिटून गप्प. मजा आली.

९ मार्च
आता रोजच. तिचा डोळा लागला की टाळी! बिचारी दिवसा शिलाईच्या मशीनवर पेंगते. आज सुई बोटात घुसली. "ठमे, कापूस आण गं!" आणला. सावकाश.
बरी अद्दल! मला मागणी घालणाऱ्या वायरमनला हिनेच परतवलं होतं — "आमची ठमी? अहो, स्वतःचं नाक पुसेल तर शपथ!" गिऱ्हाइकांसमोर. सगळे हसले. तोही हसला.

१७ मार्च
कोटाचं माप घेता घेता ताई उभ्या उभ्या झोपली. पडली. दवाखान्यात ठेवलंय, आज रात्री अंगाला तारा लावून झोप तपासणार.

१९ मार्च
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झोपेत हिचा श्वास थांबतो. दर वेळी शरीरच तिला जरासं जागं करतं, घसा मोकळा होतो, म्हणून वाचते. "पण झोप सारखी मोडत राहिली, तर शरीरही सुस्तावतं. श्वास थांबला तरी उशिरा जागं होतं. सलग झोपू द्या यांना. श्वासाचं मशीन येईपर्यंत जपा."
ताई हसली. "जपते हो धाकटी. रात्रभर जागी असते माझ्यासाठी."
बावळट! — पण घरी येईपर्यंत मी हात पिशवीखाली लपवून ठेवले.

२० मार्च
टाळी नाही.

२१ मार्च
काल घोरणं मध्येच तुटलं. मी उठवलं नाही. नुसती ऐकत पडले. बराच वेळ काहीच नाही — मग खर्रकन श्वास घेतला तिने. मला सुटल्यासारखं वाटलं, की हुकल्यासारखं? खरं सांगू? दोन्ही.

२६ मार्च
नाकाला लावायचं मशीन आलं. ताईने ते आणणाऱ्या माणसाला मशीनसकट दारातूनच परत पाठवलं. ती सुईत दोरा ओवत होती, मान वर न करता म्हणाली, "टाळ्या वाजवणारे हात घरात असताना मशीन कशाला? आता जन्मभर जाग. श्वास थांबला, तरच उठव. शेजारच्या वकीलबाईंना सगळं सांगून ठेवलंय मी — मला काही झालं, तर आधी हिला विचारा."