वाटेतली सोबत

ताई, तुला आणि दाजींना नमस्कार, पोरांना पापा.

मी ठीक आहे. लाँड्रीतलं इस्त्रीचं काम आता हाताला बसलंय. जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

आमच्या कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला मागच्या महिन्यात लुटलं, असं कुणी सांगितलंच तर घाबरू नकोस. मी पाकीट मोज्यात ठेवतो आणि रमतगमत चालणं सोडलंय.

त्यानंतर एकदा संध्याकाळी कामावरून सुटलो, तर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पुढे एक बाई चाललेली दिसली आणि जिवात जीव आला. मी तिच्या मागोमाग निघालो. ती भरभर चालायला लागली, तसा एकटा मागे राहू नये म्हणून मीही भरभर. शेवटी ती दिव्याखाली थांबून वळली. मुठीत किल्ली होती, टोक माझ्याकडे रोखलेलं.

"माझ्या मागे येऊ नका."

"मलाच भीती वाटते हो, म्हणून येतोय," मी म्हणालो.

ताई, आपल्याकडे मांजरसुद्धा मला जुमानत नाही. मला कुणी असं घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

तिने बाजूला होऊन मला वाट दिली. मग म्हणाली, "पुढे चला. मला दिसत राहा."

तेव्हापासून रोज मी पुढे, ती मागे. आम्ही बोलत नाही. मागे फाटक वाजलं की ती पोचली म्हणायचं. तिथून माझ्या खोलीपर्यंतची गल्ली मी जवळजवळ पळतच काढतो.

आईला यातलं काही सांगू नकोस. येताना सोबत असते, एवढंच सांग.

तुझा धाकटा