गणपतीला हत्तिणीचे डोळे

आबा, परवा एक माणूस माझ्याकडं येऊन गेला आणि तुमच्याबद्दल एक गोष्ट सांगून गेला. तेव्हापासून मी घरात गुणगुणत फिरते आहे, या वयात. तुम्ही असता तर म्हणाला असता, "काय गं, लय खुशीत हायस, काय घडलं?" घडलं ते सांगतेच. पण आधी माझा गुन्हा सांगते. तुम्ही होता तोवर तो सांगायला माझी जीभ रेटली नाही, आणि तुम्ही गेल्यावर तो कुणाला सांगायचा हेच कळेना. इतकी वर्षं तो आतल्या आत कुरतडत राहिला. आता मी तुमच्या जाण्याच्या वयाच्याही पुढं गेले आहे, तेव्हा तुम्हाला भ्यायचं काही कारण उरलेलं नाही. तरी थोडी भितेच.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, तेव्हा तुम्ही मला सांगलीला चित्रकला शिक्षकाच्या कोर्सला घातलंत. गावातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तुम्ही म्हणालात, "हितं माती मळण्यापरीस शाळंत खडू धरंल." तोवर माझं सगळं आयुष्य तुमच्या मूर्तींच्या छपरात गेलेलं. शाडू भिजवायची, साच्यातून मूर्ती काढायची, सोंड ओल्या फडक्यानं घासायची, पितांबर रंगवायचं, हे सगळं मी करायची. डोळ्यांची आखणी मात्र तुमची. त्या दिवशी तुम्ही अंघोळ करून यायचा, तोंडात पान नाही, छपराचं दार आतून लावलेलं. फटीतून मी बघायची. श्वास धरून एका दमात तुम्ही ते लांब, कानाकडं ओढलेले डोळे काढायचा, पेन्सिलीची खूण नाही, काही नाही. मग श्वास सोडायचा आणि पुढची मूर्ती घ्यायचा. मला वाटायचं, हत्ती म्हणजे हाच.

सांगलीत पहिल्याच महिन्यात आमच्या सरांनी सांगितलं, देवळाची हत्तीण आहे, जा आणि पेन्सिलीनं काढून आणा, रंग लावायचा नाही. बाकीची पोरं जाऊन बसली. मी कशाला जाते? हत्ती तर माझ्या हातात होता! खोलीवर बसून तासाभरात काढला आणि सगळ्यांच्या आधी नेऊन दिला. सरांनी कागद लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाले, "अगं, याच्या हातात मोदक द्यायचा राहिला की!" वर्ग खो खो हसला. मग ते म्हणाले, "आणि हत्तिणीला सुळे कुठनं आले? त्यातला एक मोडका?" मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तुमच्या छपरातला गणपतीच मी चारी पायांवर उभा केला होता.

दुसऱ्या दिवशीपासून मी सकाळी सकाळी कृष्णेच्या घाटावर जायला लागले. माहूत हत्तिणीला तिथं अंघोळीला आणायचा. त्याला सगळे चाचा म्हणायचे, मीही म्हणायची. तो तिला पाण्यात कुशीवर झोपवून विटेनं घासायचा आणि सारखा तिच्याशी बोलायचा. पहिले पंधरा दिवस माझ्या कागदावर काही उतरेना. हत्ती कधी स्थिर नसतो हो आबा! उभा असला तरी डुलतो. एक पाय काढून होईतो दुसरा हललेला असतो. सुरकुत्या काढायला गेले तर कागदावर नुसतं जाळं व्हायचं. सर म्हणाले, रेघा काढू नकोस, सुरकुतीच्या आतली सावली काढ. मग हळूहळू उमगलं. आधी टणक पेन्सिलीनं नुसता आकार, मग मऊ पेन्सिलीनं पोटाखालचा अंधार, आणि पाठीवर ऊन असतं तिथं पेन्सिल लावायचीच नाही, कागद कोरा सोडायचा. चुकलं तर पावाचा मऊ गोळा करून टिपून घ्यायचं. पुढच्या पायाला पाच नखं, मागच्याला चार, हे मी चिखलातले ठसे बघून मोजून घेतलं. कानाची कड फाटलेली, तिच्यावर गुलाबी ठिपके. डोळ्यावर मात्र माझी गाडी अडायची. एवढं डोंगराएवढं जनावर आणि डोळा आपल्या चिंचोक्यापेक्षा थोडा मोठा, भोवती वळ्याच वळ्या, राठ लांब पापण्या, खाली सतत ओला ओघळ. चाचा म्हणाला, "बाई, डोळ्यात एकसारखं बघू नगं. तिला वाटतंय तू कायतरी मागाय आलीस." मी खरंच मागायलाच गेले होते. एके दिवशी तो डोळा जमला, आणि कागदावरून तिनं माझ्याकडं बघितलं. मी घाटावर मोठ्यानं हसले, चाचाही हसला.

ते चित्र घेऊन मी दिवाळीला घरी आले. किती मिरवत आणलं होतं, गुंडाळी करून, एसटीत मांडीवर धरून! तुम्ही कागद अंगणात उजेडाला नेलात. "हत्ती हाय का नांगरल्यालं रान?" तुम्ही कागद फिरवून बघितलात. "आन् डोळा कुटाय ह्येचा?" मी बोट ठेवलं. "ह्यो? ह्यो तर तीळ हाय. देवाला असला डोळा आसता तर त्येला भक्त दिसलं असतं का?" मी पटकन बोलून गेले, "आबा, हा देव नाही, हत्ती आहे. तुम्ही कधी खरा हत्ती बघितलाय का?" आईनं हातातली परात खाली ठेवली. तुम्ही कागद माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "आपल्या घरात हत्ती म्हंजी देव. दुसरा हत्ती आपल्याला म्हाईत न्हाई." मग दोन दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मीही हट्टानं बोलले नाही, तुमचीच पोर.

पुढच्या श्रावणात तुमचा मोतीबिंदू पिकला. डोळा लाल झाला, दुखण्यानं तुम्ही डोकं भिंतीला टेकवून बसायला लागलात. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, आत्ता कापला नाही तर डोळा जाईल. दवाखान्यात तुम्हाला उताणं झोपवलेलं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, दोन्ही डोळ्यांवर पट्टी, हलायचं नाही. छपरात सगळ्या मूर्ती रंगवून तयार होत्या, डोळे तेवढे राहिलेले, आणि चतुर्थी आठ-दहा दिवसांवर. मी सांगलीहून रोज तुमच्याकडं यायची. एका सकाळी तुम्ही चाचपडत माझा हात धरलात. "डोळं तू कर." मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "मी?" "दुसरं कोण हाय? तुझ्या चुलत्याचा हात कापतोय. तूच कर. पर माझ्यागतच कर. ती तुझी सांगलीची म्हातारी हत्तीण मधी आणू नगंस. शब्द दे." मी म्हणाले, "दिला आबा." तुम्ही हात सोडलात आणि तुमचा जबडा सैल पडला, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. तो चेहरा मी विसरलेले नाही, म्हणून तर पुढचं सगळं इतकं जड झालं.

मी गावी आले, अंघोळ केली, दार आतून लावलं. घरोघरीच्या लहान मूर्ती तुमच्याप्रमाणं केल्या. श्वास धरून, एका दमात. शेवटी तालमीच्या मंडळाची मोठी मूर्ती राहिली, कमरेएवढ्या उंचीची. तिच्यासमोर बसले आणि मी पेन्सिल घेतली. पांढऱ्या अस्तरावर हलक्या हातानं वळ्या काढल्या, पापणी काढली, आत बारीक डोळा. मग कुंचल्यानं त्यावर करडा, तपकिरी रंग चढवला आणि बाहुलीत एक टिपका कोरा ठेवला. उठून दारापर्यंत गेले आणि वळून बघितलं. घाटावरची हत्तीण पितांबर नेसून, मुकुट घालून पाटावर बसली होती. दाराची कडी लागलीय ना, ते मी हात लावून बघितलं. पुसून परत करायला वेळ होता, आबा. एक अख्खा दिवस होता. मी पुसलं नाही.

मंडळाची माणसं मूर्ती न्यायला आली. त्यांनी ती सगळ्या बाजूंनी बघितली. एकजण म्हणाला, "देव यंदा दमल्यागत दिसतोय." दुसरा म्हणाला, "दमल्याला न्हाई रं, आपल्याकडं बगतोय." आणि घेऊन गेले, वाजत गाजत. तुम्ही चतुर्थीच्या आदल्या दिवशी घरी आलात, एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्यानं तर आधीच धुरकट दिसायचं. पहिला प्रश्न तोच. "कसं झालं?" मी म्हणाले, "तुमच्यासारखंच." तुम्ही "हं" म्हणालात. ते दहा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. कुणी तुम्हाला सांगितलं तर? विसर्जनाच्या सकाळीच मी परीक्षेचं निमित्त काढून सांगलीला पळाले. मूर्ती नदीत गेली, माझा पुरावा गेला, आणि मला वाटलं, सुटले.

कसली सुटते! पुढं मला साताऱ्याला शाळेत नोकरी लागली. दरवर्षी श्रावण लागला की तुमचा निरोप यायचा, "डोळ्यास्नी येतीस का औंदा?" आणि मी दरवर्षी काहीतरी थाप मारायची. शाळेला तपासणी आहे, ताप आहे, रजा नाही. मला वाटायचं, तुम्ही माझ्यावर विश्वास टाकून बोलावताय आणि मी कोणत्या तोंडानं त्या छपरात बसू? असे चार श्रावण गेले. पाचव्याच्या आधी तुम्ही गेलात. तेव्हापासून मी हत्तीच काढत आले, कागदावर, पेन्सिलीनं, जंगलातले, छावण्यांतले, पिलांना पोटाखाली घेतलेले. मूर्तीला हात लावला नाही. लोक चित्रांसमोर उभे राहून म्हणतात, डोळे काय जिवंत काढलेत बाई! प्रत्येक वेळी मला छपराचं ते लावलेलं दार दिसतं. दिसायचं.

तर परवा हा माणूस आला. आपल्याच गावचा, मिलिटरीतून सुभेदार होऊन निवृत्त झालेला, आता काठी टेकत चालतो. वर्तमानपत्रात माझं नाव वाचून पत्ता काढत आला होता. चहा घेतला, भिंतीवरची चित्रं एकेक करून बघितली, मग म्हणाला, "ताई, तुमच्या वडलांनी मला शपथ घातली हुती. पर आता त्ये न्हाईत, आन् मीबी किती दिसांचा? सांगूनच टाकतो." त्या वर्षी तो सुट्टीवर आला होता. विसर्जनाला मूर्ती गावच्या घाटावर टेकवली, आणि तुम्ही त्याचा हात धरून तिथवर आलात. डॉक्टरांनी उंबरा ओलांडायचा नाही म्हणून बजावलेलं असताना! तुम्ही मूर्तीला नाक टेकेल इतकं जवळ जाऊन बघितलंत. आधी एक डोळा, मग दुसरा. माणसं खोळंबली, ताशा थांबला. यानं विचारलं, "काय झालं वं?" तुम्ही म्हणालात, "पोरीनं शब्द मोडला माझा." हे ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला. सुभेदार हसला. "पुढं तर ऐका की. परत येकदा वाकून बगितलं आन् म्हणालं, मोडला त्ये झ्याक झालं. हितकं बारीक डोळं, पर समदं दिसतंय त्यास्नी. आन् मला म्हणालं, तिला सांगू नगंस, डोक्यावर बसंल."

आबा, मी त्या परक्या माणसासमोर ढसाढसा रडले आणि मध्येच हसायलाही लागले. डोक्यावर बसंल! अहो, बसले असते तर काय बिघडलं असतं? चार वर्षं तुम्ही बोलावत होता ते काय करायला, हे मला आत्ता कळतंय. तुमच्यावर रागही आला, खोटं का सांगू. एक शब्द बोलला असता तर चार श्रावण आपण दोघं त्या छपरात बसलो असतो, तुम्ही तुमचे डोळे केले असते, मी माझे. पण मीही कुठं बोलले? दोघांनीही तोंडं शिवून घेतली, आणि सांगायला मिलिटरीतला माणूस यावा लागला. राग तासभर टिकला. मग मी कागद ताणून बसवला आणि संध्याकाळपर्यंत एक म्हातारी हत्तीण काढली. डोळ्यापाशी आले तेव्हा ते दार दिसलं नाही. हात हलका, मन हलकं. इतकं सोपं असतं होय हे?

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून उरलेलंही सांगून टाकते. सुभेदारांना मी म्हणाले, "काय करणार, सवयीनं हात तिकडं गेला." ते खोटं होतं. हात कुठं गेला नव्हता. आदल्या दिवशी कोऱ्या कागदावर तो डोळा तीनदा काढून बघितला होता मी, तुमच्याच पाटावर बसून. आणि एकाच मूर्तीला केला असंही नाही. आपल्या घरातल्या वीतभर गणपतीचे डोळेही हत्तिणीचेच होते. तुम्ही हिरवी पट्टी बांधून दहा दिवस त्याच्यासमोर आरतीला बसत होता, आणि मी मागं उभी राहून टाळ्या वाजवत होते.