सात थरांची खोली

३ एप्रिल
बायकोचा फोन. वीस तारखेला पिल्लूला घेऊन येते म्हणाली. पण खोलीची भट्टी तशीच असेल तर त्याच दिवशी माघारी, आणि पुन्हा यायचं नाव नाही. गेल्या उन्हाळ्यात पिल्लूचं अंग घामोळ्यांनी लाल झालं होतं. मी म्हटलं, शाल घेऊन ये, थंडी वाजेल. फोन ठेवला, वर पत्र्याकडे बघितलं.

५ एप्रिल, दुपार
आयडिया! मी कामाला आहे त्या गोदामामागच्या झाडावर गांधीलमाश्यांचं पोळं आहे. स्टोअरकीपरचा थर्मामीटर काठीला बांधून आत घातला. बाहेर ४१, आत ३१! खाली पडलेलं जुनं पोळं फाडून बघितलं. कागदावर कागद, सात थर, मधे हवा. मीही सातवीपर्यंतच शिकलोय. योग आहे.

६ एप्रिल, सकाळी ६
बाहेर २१, पोळ्यात ३०. थर्मामीटर झोपेत असावा. सकाळचा आकडा धरायचा नाही. गालावर दोन डंख.

९ एप्रिल
पोळ्याच्या तोंडाशी दहा-बाराजणी नुसत्या पंख हलवत उभ्या. काही टाकीवरून पाणी आणतात. रिकामटेकड्या सगळीकडेच.

१४ एप्रिल
गोदामातली टाकाऊ खोकी आणली. भिंतींना, पत्र्याला पुठ्ठ्याचे सात थर, खळीनं चिकटवून. खिडकीपण बुजवली. पोळ्याला कुठे खिडकी असते? शेजारचा वेल्डर म्हणाला, आता वरून पत्ता लिही, पार्सल तयार आहे. जळतो मेला.

१८ एप्रिल
बाहेर ४१, आत ४३. खळ ओली आहे. वाळली की उतरेल.

१९ एप्रिल
वाळली. ४४. उतर ना बाबा. आठवा थर लावू?

२० एप्रिल, दुपारी साडेतीन
आली. आत पाऊल टाकलं. मग भिंतीवरच्या पुठ्ठ्यावर छापलेलं मोठ्यानं वाचलं: नाजूक माल, उष्णतेपासून जपावा. म्हणाली, अहो, गारवा हवा होता ना? मग घराला गोधडी का पांघरलीत?
पोळ्याचा सकाळचा आकडा आठवला: बाहेर २१, आत ३०.
बस पाचला. बॅग उघडलीच नाही तिनं. पिल्लू उंबऱ्याशी ओल्या टॉवेलवर झोपलंय. एका हातानं लिहितोय, दुसऱ्या हातानं पुठ्ठ्याचा वारा घालतोय. थांबलो की रडतं.
तिकडे पोळ्याच्या तोंडाशी वारा घालायला दहा-बाराजणी होत्या. इथे मी एकटा.